हरीण विहिरीत पडलं, जाळीत अडकलं तर काय करायचं? आधी गर्दी हटवा, मग १९२६ लावा

उन्हाळा लागला की माळावरचे पाणवठे आटतात आणि हरणं पाण्यासाठी, हिरव्या चाऱ्यासाठी शेतात उतरतात. मग कुठं बिनकठड्याच्या विहिरीत काळवीट पडतं, कुठं भाजीपाल्याच्या नायलॉन जाळीत शिंगं गुंततात. गाव धावून जातं, हरीण बाहेर काढतं, फोटो निघतात. पण बऱ्याचदा तेच हरीण दोन दिवसांनी माळावर मेलेलं सापडतं. असं का होतं आणि आपण काय करायला पाहिजे, याची ही माहिती.

आपल्या भागातली हरणं

आपण सरसकट हरीण म्हणतो, पण उघड्या माळावर जास्त करून काळवीट आणि चिंकारा असतो. जंगलाच्या कडेच्या गावांत चितळ, सांबर, भेकर दिसतात. काळवीट, चिंकाऱ्याची शिंगं कायमची असतात. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात. नवी येत असताना ती मऊ असतात आणि त्यात रक्त असतं, म्हणून शिंगाला धरून ओढलं तर मोठी जखम होते.

कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य खास काळविटासाठी १९८० साली झालं, पण त्याचं क्षेत्र अवघं २.१७ चौरस किलोमीटर आहे. कळप काही हद्द बघून चरत नाहीत. म्हणजे यांचं जगणं-मरणं बरंचसं आपल्याच रानात ठरतं.

सुटलं म्हणजे वाचलं असं नाही

हरीण हे पळून जीव वाचवणारं जनावर. पळता आलं नाही की ते पूर्ण ताकदीनं धडपडतं. त्या भीतीत आणि धडपडीत अंगातले स्नायू आतून खराब होतात, त्यातलं विष रक्तात उतरतं आणि हृदयावर, मूत्रपिंडावर ताण येतो. वरून जखम दिसत नाही, हरीण सुटून पळूनही जातं. पण काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतं.

आरडाओरडा, कुत्री, मोबाईलवाल्यांचा गराडा, कडक ऊन, परत परत पाठलाग, यानं हा त्रास वाढतो. म्हणून सगळ्यात पहिली मदत म्हणजे माणसं लांब करणं. गावातल्या दोघा-तिघा समजदार माणसांनी ताबा घ्यावा, बाकीच्यांना निदान शंभर पावलं मागं सारावं आणि कुत्री बांधून टाकावीत.

पहिला फोन

वन विभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे. गाव, शिवार, गट नंबर, जनावर कुठं आणि कशात अडकलं, जिवंत आहे का, हे नीट सांगा. जमलं तर व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवा. बीटच्या वनरक्षकाचा नंबर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पाहिजे. पोलीस पाटलांना आणि सरपंचांनाही कळवा.

विहिरीत पडलं असेल तर

१. मोटारीचा सप्लाय आधी बंद करा. पाण्यात केबल असते.

२. काठावर गर्दी नको. दगड-माती खाली पडते आणि माणूसही घसरतो.

३. हरणाला पोहता येतं, पण ते दमतं. पाणी खोल असेल तर चारी कोपऱ्यांना दोर बांधून बाज किंवा हवा भरलेली ट्यूब हळूच सोडा, म्हणजे त्याला टेकायला आधार होईल.

४. गळ्यात, शिंगात किंवा पायात फास टाकून ओढू नका. मान मोडते, पाय निखळतो. वन विभागाची माणसं जाळी किंवा झोळी लावून काढतात.

५. एकट्यानं खाली उतरू नका. काळवीट तीस-चाळीस किलोचं असतं, सांबर दोनशेच्या पुढं जातं. शिंग पोटात घुसू शकतं.

प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात वेगळी अडचण असते. पाणी कमी असलं तरी कागदावरून पाय घसरतात आणि जनावर वर येत नाही. तिथं एका बाजूनं दोरीची जाळी किंवा पोती बांधून सोडा आणि तिथून सगळे बाजूला व्हा. बऱ्याचदा ते आपलं आपण चढतं.

जाळी, तार, साडीत गुंतलं असेल तर

तारेत करंट आहे का, हे आधी बघा. शंका असेल तर जनावराला हात लावू नका, महावितरणला १९१२ वर फोन करून सप्लाय बंद करून घ्या.

शक्यतो पथकाची वाट बघा. पण गळा आवळत असेल आणि पथकाला वेळ असेल, तर जाळी खांबाकडून कापा, म्हणजे ताण सुटेल. मागून किंवा बाजूनं जाऊन डोळ्यांवर गोधडी किंवा पोतं टाका. अंधार झाला की हरीण शांत होतं. नाक मोकळं ठेवा. अंगावरची जाळी कापताना पायात किंवा गळ्यात एकही तुकडा राहू देऊ नका, तो पुढं रुतत जातो.

खाली पडलेलं असेल तर छातीवर बसतं ठेवा. आडवं पडून राहिलं की गाई-बैलासारखंच त्याचं पोट फुगतं. तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. सुटल्यावर रानाकडची बाजू मोकळी ठेवा, मागं पळू नका. चावलं, ओरखडलं तर जखम साबणानं धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

क्लच वायरचा फासा दिसला तर तो उचलून नेऊ नका. तो शिकारीचा पुरावा आहे, वनरक्षकाला दाखवा.

कायदा काय सांगतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे काळवीट आणि चिंकारा अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आहे. फास लावणं, सापळ्यात पकडणं हेही शिकारीतच धरतात. असं जनावर जिवंत असो की मेलेलं, ताब्यात आलं तर ४८ तासांत वन अधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवावं लागतं. पाडस गवतात एकटं दिसलं तर उचलून घरी आणू नका, आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. मेलेलं हरीण परस्पर पुरू नका, पंचनामा होऊ द्या.

आधीच काळजी घेतली तर

हरणानं उगवलेलं पीक खाल्लं की राग येतो, ते चुकीचंही नाही. पण त्याचा रस्ता वेगळा आहे. नुकसानीचे फोटो काढा आणि उशीर न करता वन विभागाकडे भरपाईचा अर्ज द्या. जाळीत मेलेल्या हरणानं गेलेलं पीक परत येत नाही.

प्लॉट संपला की जाळ्या, सुतळ्या, ठिबकच्या जुन्या नळ्या गोळा करा, बांधावर फेकू नका. तारेवर पांढऱ्या चिंध्या बांधा, म्हणजे ती लांबून दिसते. विहिरीला कठडा नसेल तर निदान काटेरी फांद्या लावा. शेततळ्यात एका कडेला दोरीची जाळी कायमची बांधून ठेवा. तिथं कधी आपलं वासरू किंवा लेकरू पडलं तरी तीच उपयोगाला येईल.

मोबाईलमध्ये सेव्ह करा: वन विभाग १९२६, महावितरण १९१२, पोलीस ११२ आणि आपल्या बीटचा वनरक्षक.