तळटीप : अ‍ॅलेन्ड्रोनेट आणि हाडाचा चिवटपणा
* अ‍ॅलेन्ड्रोनेट : हाडांच्या ठिसूळपणावरचे औषध, अमेरिकेत १९९५ पासून वापरात. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते आवर घालते. त्यामुळे जुने हाड टिकते, त्यात खनिज अधिक भरते, ते कडक होते. मात्र रोजच्या ताणाने पडणाऱ्या सूक्ष्म भेगा बुजवण्याचे कामही मंदावते. कुत्र्यांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेनंतर भेगा वाढल्या आणि हाडाचा चिवटपणा घटला. अनेक वर्षांच्या वापरानंतर क्वचित मांडीचे हाड किरकोळ आघातानेही आडवे मोडते. त्याआधी मांडी किंवा जांघ दुखत असेल, तर दुखणे अंगावर काढू नये. तरीही आधीच मणका मोडलेल्या स्त्रियांच्या चाचणीत पुन्हा मणका वा खुबा मोडण्याचे प्रमाण या औषधाने जवळपास निम्मे झाले. म्हणून ते परस्पर बंद करू नये. — संपा.