घरबसल्या

सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या बोळातून सकाळी दहाच्या सुमारास जो कोणी जाईल त्याला, उघड्या दाराच्या उंबरठ्यालगत, बाहेरचा उजेड जेथवर पोहोचतो तेथवर सरकून, मांडीवर सूप घेऊन बसलेली एखादी बाई हटकून दिसावी. सुपात एका अंगाला मापाने कातरलेली तेंदूची पाने, दुसऱ्या अंगाला तंबाखूची ढिगुळी आणि गुडघ्याशी दोऱ्याचे रीळ. पान उचलावे, चिमूटभर तंबाखू त्यावर सारखी पसरावी, बोटांच्या अग्रांनी ते वळावे, दोऱ्याचे वेढे द्यावेत आणि नखाने तोंड मुडपावे, हा सारा व्यापार तिचे डोळे दुसरीकडे असतानाही बिनचूक चाललेला असतो. आणि डोळे दुसरीकडे असतात ते आढ्याला टांगलेल्या, जुन्या लुगड्याच्या झोळीकडे. झोळीची दोरी तिच्या पसरलेल्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असते. हाताची लय निराळी, पायाची निराळी. आणि या दोन लयींचा मेळ बिघडला की एक तर विडी सैल होते, नाही तर मूल उठते.

या दृश्याला आपल्याकडे एक गोड नाव आहे. ‘मूल सांभाळून घरबसल्या चार पैसे मिळतात’ असे तेंदूचे पान देणारा कंत्राटदार म्हणतो, माल तपासून घेणारा कारखान्यातला कारकून म्हणतो, भाषणाला उभा राहिलेला पुढारी म्हणतो, आणि ऐकून ऐकून ती बाईही म्हणू लागते. जणू मूल आणि मजुरी यांची सांगड घालून देणे हा मालकाने तिच्यावर केलेला उपकारच होय! माझा असा समज आहे की, गेल्या शंभर वर्षांत बायकांची मजुरी कमी ठेवण्याच्या कामी ‘घरबसल्या’ या एका शब्दाने जेवढी चाकरी बजावली, तेवढी कोणत्याही मुकादमाने बजावली नसेल.

काम करणाऱ्या आईच्या अंगाशी मूल असणे ही काही नवी गोष्ट नव्हे. पहाटेच्या जात्यावर दळणारी बाई मूल मांडीवर आडवे घेऊन दळत असे आणि जात्याची घरघर व ओवीचा सूर यांतच ते पुन्हा झोपी जाई. हेमा रायरकर आणि गी पॉइटवां यांनी खेडोपाडी फिरून ज्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, त्यांत ‘तान्हं बाळ’ इतक्या वेळा येते याचे कारण काव्यातले नसून जागेचे आहे. गाणारीच्या मांडीवरच ते होते. पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर सोलापुरात येऊन स्थिरावले तेव्हा त्यांच्या घरांतही तीच वहिवाट होती. पुरुष मागावर, बाई रहाटाशी कांड्या भरीत, आणि रांगते मूल त्या दोघांच्या मधल्या जागेत. त्या घरात गरिबी होती, पुरुषाची सत्ता होती, बाईच्या श्रमाचा वेगळा हिशेब कोणी ठेवीत नव्हते, हे सगळे खरे. मात्र मूल रडले म्हणून ती उठली तर त्याबद्दल जाब विचारायला परका माणूस आलेला नव्हता.

तो आला गिरणीबरोबर. मुंबईच्या कापडगिरण्यांत स्त्रिया प्रामुख्याने वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत असत. तेथे जेवढे सूत निघेल तेवढी मजुरी, म्हणजे मुलाला पाजायला घेतलेली घटका सरळ स्वतःच्या पदरची. तान्हे मूल कोणी गिरणीतच आणून सुताच्या ढिगाआड निजवी, कोणी चाळीतल्या म्हातारीपाशी ठेवी. आणि दोन्हीकडे ते दिवसभर निजून राहावे म्हणून जो उपाय होता त्याचे नाव बाळागोळी. बाळगुटी आणि बाळागोळी यांत गल्लत होऊ नये. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड सहाणेवर उगाळून आजी चाटवते ती गुटी. बाळागोळीत अफू असे. मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यास नेमले, त्यांच्या १९२२ च्या अहवालात अशा बायकांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जात असल्याचे नमूद आहे. हा आकडा वाचून त्या आयांना दूषणे देणारे सुखवस्तू लोक त्या काळी पुष्कळ निघाले. परंतु दहा तास यंत्रापुढे उभी असणारी बाई दुसरे काय करू शकत होती, याचे उत्तर मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

सरकारला उत्तर शोधावे लागले ते हळूहळू आणि कुरकुरत. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचे समर्थन केले. ज्या मालकाला बाईच्या श्रमाचा लाभ होतो त्याने तिच्या विश्रांतीचा काही भार सोसावा, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. हिंदुस्थानातला तो या प्रकारचा पहिला कायदा. मग १९३४ च्या कारखाने कायद्याने, पन्नासांहून अधिक बायका जेथे कामावर आहेत तेथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवण्याची सक्ती करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने ती खोली, म्हणजे पाळणाघर, सर्वत्र बंधनकारक केली. आणि पुढे १९७६ मध्ये पन्नासांचे तीस झाले. कागदावर पाहता ही प्रगतीच होय. पण सरकारी दप्तरात प्रगती झाली की ती टाळण्याचीही एक वाट लगोलग तयार होते, आणि येथे ती वाट थेट बाईच्या घरात जाऊन पोहोचली.

विडीचा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभी वाढला. रेल्वेमुळे मध्य प्रांतातल्या जंगलांतले तेंदूचे पान दूरवर जाऊ लागले, स्वदेशीच्या लाटेत विलायती सिगारेटवर बहिष्कार पडला, आणि गोंदिया-भंडाऱ्यापासून सिन्नर, अहमदनगर, सोलापूरपर्यंत विड्यांचे कारखाने उभे राहिले. या धंद्याला यंत्र लागत नाही. सूप, कात्री, पत्र्याचा फर्मा एवढेच भांडवल, आणि तेही बहुधा कामगाराचे स्वतःचे. म्हणून कारखाना म्हणजे वस्तुतः एक छप्पर आणि त्याखाली ओळीने बसलेली माणसे. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला व त्यात पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या जागेत पाळणाघर, पिण्याचे पाणी, संडास, रजा, कामाचे तास हे सारे कलमवार आले, तेव्हा पुष्कळ मालकांनी जो विचार केला तो त्यांच्या दृष्टीने बिनतोड होता. छप्परच काढून टाकले तर कलमे लागू कशाला होणार? केरळात कण्णूरकडे मालकाने कारखाने बंद केल्यावर हजारो कामगार उघड्यावर पडले आणि त्यांतूनच १९६९ मध्ये ‘दिनेश बीडी’ ही कामगारांची सहकारी संस्था निघाली. अन्यत्र बहुतेक ठिकाणी कामगारांनी पान-तंबाखू पदरात घेऊन घरचा रस्ता धरला. कारखान्याच्या नावाने उरले ते माल देण्याघेण्याचे एक खिडकीवजा दुकान.

कायद्याची नजर घरापर्यंत अगदीच गेली नाही असे नाही. घरी विड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच, अशी व्याख्या १९६६ च्या कायद्यातच होती. मालकांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, पण १९७४ साली कायदा टिकला. १९७७ पासून विडीधंद्याला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला, आणि घरी काम करणाऱ्यांवर मालकाचे नियंत्रण नसते ही तक्रार १९८५ साली न्यायालयाने फेटाळली, कारण नापास विड्या नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती, नियंत्रण त्याच्याच हाती. हा न्याय मला फार मार्मिक वाटतो. पण पाळणाघराचे कलम जागेला जडलेले होते, माणसाला नव्हे. पन्नास बायका एका छपराखाली बसल्या तर त्यांची मुले कायद्याला दिसत. त्याच पन्नास बायका पन्नास उंबरठ्यांशी बसल्या की एकही मूल त्याला दिसेना.

त्या मुलांची गोष्ट आकड्यांनी सांगण्यापेक्षा डोळ्यांदेखत घडलेली सांगतो. लहानपणी आम्ही ज्या वाड्यात राहत होतो, तेथे भिंतीपलीकडच्या खोलीत विड्या वळणारे एक कुटुंब होते. संध्याकाळी पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, पहाटे फर्मा लावून ती कातरायची, आणि उन्हे वर आली की वळायला बसायचे, असा त्या घराचा क्रम असे. कातरणीची वेळ सर्वांत धोक्याची. कात्री उघडी, खाली पानांच्या कातरणांचा सडा, आणि दीड वर्षाचा मुलगा नुकताच पाय फुटल्यामुळे प्रत्येक चकाकत्या वस्तूकडे धाव घेणारा. म्हणून त्या वेळी त्याच्या करदोड्याला नाडीचा एक तुकडा बांधून दुसरे टोक खाटेच्या खुराला अडकवीत. एके दिवशी ती गाठ सुटली. दुपारपर्यंत वळलेल्या विड्या कट्टे बांधण्यासाठी परातीत ओळीने लावून ठेवल्या होत्या, आणि मुलाने शेजारची पाण्याची कळशी त्यांच्यावर उपडी केली. बाईने त्याला मारले नाही की ती ओरडली नाही. तिने प्रथम त्याच्या तोंडात बोट घालून तंबाखू गेली आहे काय ते पाहिले, आणि नंतर परातीकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मोजदाद झाली तेव्हा काय झाले ते माझ्या आईने पुढे कितीदा तरी सांगितले: भिजलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या, वजन करून दिलेल्या मालाची तूट तिच्या नावावर मांडली, आणि ती भरून काढण्यासाठी तिला बाजारातून पदरच्या पैशाने पान विकत घ्यावे लागले. कारकुनाच्या वहीत ‘मूल’ या नावाचे खाते नव्हते.

मग मूल मोठे होई, आणि मोठे होणे म्हणजे कामाला लागणे. तीन वर्षांचे पोर फुटक्या पानांशी खेळता खेळता विडी वळण्याची नक्कल करी. सहाव्या वर्षी तोंडे मुडपून देई. आठव्या वर्षी, मुलगी असेल तर, धाकट्याला कडेवर घेऊन शाळा सोडी. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीचा धंदा मुलांना निषिद्ध ठरवला खरा, परंतु कुटुंबीयांच्या मदतीने जेथे काम चालते त्या जागेला तो निषेध लागू नसल्याचे त्याच कलमाच्या परंतुकात लिहिले होते. उंबरठ्यापाशी येऊन कायदा पुन्हा एकदा चपला काढून माघारी फिरला.

घरी काम आणि जवळ मूल यांचा मेळ सर्वत्र याच रीतीने बसला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून वाढलेल्या ‘लिज्जत’च्या केंद्रांतही बायका सकाळी पीठ घेऊन जातात, घरी लाटतात आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात. मूल तेथेही पोळपाटाशेजारीच असते. फरक एवढाच, की लाटणारी स्वतःच संस्थेची भागीदार असल्यामुळे तिच्या अडचणीला ‘छाट’ म्हणणारा कारकून आणि तिची अडचण समजणारी शेजारीण ही बहुधा एकाच जातीची माणसे निघतात.

आणि मुलाकडून विचार करणारेही आपल्याकडे होते. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातून आला. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना काढली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. याचा मला अभिमान वाटतो. तथापि अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचे व्हावे लागते. आणि ज्याला पाय फुटले आहेत पण समज फुटलेली नाही असे दीड-दोन वर्षांचे मूल, जे सुपाला, कात्रीला आणि आईला सर्वांत जास्त जड जाते, ते अंगणवाडीचा ‘खाऊ’ घेऊन घरीच परत येते. १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या अशा मुलांसाठी मीरा महादेवन यांनी ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केले व पुढे ते मुंबईतही आले. पण बांधकामावर निदान एक जागा असते जेथे तंबू ठोकता येतो. पन्नास उंबरठ्यांवर पन्नास तंबू कोण ठोकणार?

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर आवश्यक झाले, आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर बाळंतिणीला घरून काम करू देण्याची सोयही कायद्यात आली. त्यानंतर तीनच वर्षांनी महामारीत शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी संगणक मांडीवर आणि मूल पाठीवर घेऊन कामे केली, आणि हा जगातला पहिलाच प्रसंग असल्याप्रमाणे त्याविषयी पुष्कळ बोलले गेले. त्यांचे हाल मी खोटे म्हणत नाही. मात्र सोलापूरच्या एखाद्या म्हातारीला त्यात नवल वाटले असेल असे मला वाटत नाही.

सोलापूरजवळ कुंभारी येथे, विडी कामगार स्त्रियांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून मिळवलेली दहा हजार घरकुले आहेत. कामगारनेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या या वसाहतीला गोदावरी परुळेकरांचे नाव दिलेले असून २००६ मध्ये तिची घरे पंतप्रधानांच्या हस्ते बायकांच्या स्वाधीन झाली. मागे एकदा तेथे एका घरी चहाला बसलो होतो. भिंती पक्क्या, वर स्लॅब. आढे नाही, तुळई नाही. मी सहज विचारले, “मग झोळी कशाला बांधता, बाई?” तिने सुपावरची नजर न काढता हनुवटी वर केली. स्लॅब पडत असतानाच गवंड्याला सांगून तिने मधोमध एक लोखंडी कडी पुरून घेतली होती, आणि कडीतून निघालेली दोरी तिच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत आलेली होती.