धक्का कुणाचा?

मशीद बंदरला बंदर कुठे दिसत नाही, असं मी लहानपणी आजीला विचारलं होतं. ती सोडे निवडत बसली होती. "होतं रे बाबा, भरून टाकलं," म्हणाली आणि सासरच्या तांडेलांच्या गोष्टी निघाल्या. तिच्या सासऱ्यांचे आजोबा हर्णैहून पडावातून लाकूडफाटा, नारळ, कोकमं घेऊन मुंबईला यायचे. कोकमं नव्हेच, सुकी मासळी, असं आत्याआजी म्हणायची. दोघींचं एकमत कधी झालं नाही.

माल उतरायचा भाऊच्या धक्क्यावर. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य. 1841च्या सुमाराचा त्यांचा धक्का. त्याआधी ओहोटीला चिखलातून माणसं माणसांच्या खांद्यावरून उतरायची, असं आजी सांगे. भाऊंनी भरावाला शहराचा केरकचराही वापरला, ही तिचीच गोष्ट. पैसा घालून धक्का बांधायचा आणि उतरणाऱ्या मालावर हशील घ्यायचं, असा तो व्यवहार. हशिलावरून तांडेलांची कुरकुर असायचीच, पण पाय कोरडे राहायचे.

पुढे मोठे धनी आले. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने जी.आय.पी. रेल्वेसाठी समुद्र हटवून जमीन करून द्यायची, आणि मोबदल्यात किनारा भरून आपले धक्के काढायचे, असा सरकारशी करार झाला. तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता. समुद्र भरून जमीन काढायला निघालेल्या बॅकबे कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या घरात गेला. लढाई संपली आणि 1865च्या जुलैत सगळं कोसळलं. आमच्या घरातल्या कुणाच्या तरी पाटल्या त्यात गेल्या. कुणाच्या, ते आजी कधी बोलली नाही.

बंदर एकट्या एल्फिन्स्टन कंपनीच्या मुठीत जाणार, या धास्तीने व्यापारी गलका करत होते. शेवटी सरकारने कंपनीचे हक्क विकत घेतले आणि 1873 साली पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. तरी खाजगी धक्के होतेच. 1875 साली व्यापारी ससून घराण्याने कुलाब्याला गोदी बांधली, तीही चार वर्षांनी ट्रस्टसाठी विकत घ्यावी लागली. ज्यांच्याकडे कागद होता त्यांना पैसे मिळाले. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे मचवा ओढणाऱ्याचा, बोंबील वाळत घालणाऱ्याचा हक्क कुठल्या दप्तरात लिहिलेला असणार? ही खंत आजीची, आणि आता माझीही.

आजोबांना मात्र वकील के. एफ. नरिमनांचं अप्रूप. गव्हर्नर लॉईडच्या काळातल्या बॅकबे भरावातला घोटाळा त्यांनी उघडा पाडला, हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि नरिमन सुटले. आजोबा ती हकिगत रंगवून सांगत. मग आजी भाकरी थापता थापता विचारायची, "तो खटला झाला तो पैशाचा. आमच्या बंदराचा कधी झाला?" आजोबा पानाला चुना लावत बसत.