देव नाही, पण आत्मा आहे?

आजचा विषय एका खेचरापासून सुरू होतो.

सिक्कीममध्ये नथु ला भागात होतो, तेव्हाची गोष्ट. सामान वाहणारं एक खेचर बर्फावरून घसरून दरीत गेलं. त्याला सांभाळणारा जवान रात्री माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, जनावराला आत्मा असतो का?" मी तरुण कॅप्टन, स्वतःला नास्तिक म्हणवणारा. "जनावर ते. झोपा आता," एवढंच बोललो.

गंमत पाहा. त्याच भागात बाबा हरभजन सिंग यांचं स्मारक आहे. हा शिपाई १९६८ साली तिथे मृत्यू पावला, पण त्याचा आत्मा आजही सीमेवर पहारा देतो, अशी जवानांची श्रद्धा. त्याचा गणवेश, बूट, बिछाना, सगळं तिथे नीट ठेवलेलं असतं. मी तिथे कडक सॅल्यूट ठोकला होता. शिपायाला आत्मा चालतो, खेचराला नाही, असा माझा नास्तिकपणा!

निवृत्तीनंतर वाचायला बसलो तेव्हा कळलं, घोळ शब्दापासूनच आहे. आज आपण नास्तिक म्हणजे देव न मानणारा असं धरून चालतो. मनुस्मृतीच्या लेखी वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. पाणिनीच्या सूत्रावरचे टीकाकार सांगतात, परलोक न मानणारा तो नास्तिक. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात सापडतीलच असं नाही. सातव्या शतकाच्या सुमाराचे कुमारिल भट्ट घ्या. वेदांचे कट्टर कैवारी. पण 'श्लोकवार्तिका'त ते जगाचा कर्ता ईश्वर ही कल्पनाच खोडून काढतात. सृष्टीच्या आधी कोणी नव्हतंच, तर त्या कर्त्याला पाहिलं कोणी, असा त्यांचा सवाल. आत्मा मात्र ते नित्य मानतात. देव आणि आत्मा दोन्ही नाकारले ते चार्वाकांनी. आंबवणातून जशी नशा उपजते, तशी चार भूतांतून जाणीव उपजते, असं त्यांचं म्हणणं.

आणि जैन? वेद प्रमाण नाहीत, सृष्टिकर्ता नाही, पण जीव मात्र ठायी ठायी. झाडाला एक इंद्रिय, मुंगीला तीन, हत्ती-घोड्याला पाच. 'ज्ञाताधर्मकथा' या आगमात एक हत्ती आहे. वणव्यात सगळे प्राणी एका मोकळ्या जागी दाटीवाटीनं उभे. हत्तीनं अंग खाजवायला पाय उचलला, तेवढ्यात एक ससा खालच्या जागेत येऊन बसला. हत्तीनं अडीच दिवस पाय खाली टेकला नाही. वणवा विझला, ससा गेला, हत्ती कोसळून मेला, आणि पुढच्या जन्मी श्रेणिक राजाचा मुलगा मेघकुमार झाला.

उलट युरोपात देकार्तनं १६३७ साली प्राणी म्हणजे यंत्रं, असं मांडलं. तो देव मानणारा होता! म्हणजे देव मानून जनावराचा आत्मा नाकारता येतो, आणि कर्ता देव नाकारून मुंगीलाही आत्मा देता येतो. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिरात पक्ष्यांचं रुग्णालय आहे, ते याच विचारातून.

मी स्वतः अजून चार्वाकांच्याच बाजूला झुकतो. पण त्या रात्रीचं माझं उत्तर विचारातून आलेलं नव्हतं, थकव्यातून आलेलं होतं. सकाळी गस्तीला निघालो तर दरीच्या काठावर बर्फात गुळाचा खडा ठेवलेला. मी पाहिलं आणि पुढे गेलो. तो जवान पुढे बदलून गेला. हत्तीची गोष्ट त्याला सांगायची राहिली.