हैदराबादचे गिऱ्हाईक : हिमरू, पैठणी आणि सरकारने उघडलेली ऑनलाइन बाजारपेठ

छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या हिमरू विणकराने आपली शाल ई-कॉमर्स मंचावर विक्रीस ठेवली आणि त्याच्याकडे जीएसटी नोंदणी नसली, तर ती शाल त्याला नागपूरच्या ग्राहकाला विकता येते; हैदराबादच्या ग्राहकाला विकता येत नाही. ज्या शहराच्या अमीर-उमरावांच्या अंगावर हे कापड पिढ्यान्पिढ्या मिरवले, तेच शहर आज नियमाच्या पलीकडच्या तीरावर आहे. हे असे का झाले, याचा हा इतिहास.

आरंभ पैठणपासून करावा लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात बॅरिगाझापासून, म्हणजे आजच्या भरूचपासून, वीस दिवसांच्या वाटेवर ‘पैठण’ असल्याचे नमूद आहे. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरहून, साधे कापड व मलमल गाड्यांत भरून बंदरावर जाई. वाटेतला बराच मुलूख रस्त्यावाचूनचा होता, असेही तो लेखक सांगतो. इथला माल पहिल्यापासूनच दूरच्या गिऱ्हाइकासाठी होता, एवढे यातून स्पष्ट होते.

हिमरूचे गिऱ्हाईक मात्र दरबारी. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांचे हे नक्षीदार कापड किनखाबाची आठवण करून देणारे, पण त्याहून हलके आणि स्वस्त. तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली तेव्हा ही कला आली, असे परंपरा सांगते. पुढे औरंगाबाद हेच आसफजाही सत्तेचे पहिले मोठे केंद्र होते. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादेस गेली आणि गिऱ्हाईक चारशे-पाचशे किलोमीटर दूर सरकले. तरीही नाते तुटले नाही. शेरवानीला हिमरू लागे, आणि शेरवान्या हैदराबादेत होत्या. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग औरंगाबादवरून गेला, तेव्हा ते अंतर एका रेल्वे-प्रवासाचे उरले. अर्थात, त्याच रुळांवरून गिरणीचे स्वस्त कापडही आले. नवी वाट ही नेहमी दोन्ही दिशांनी वाहते.

१९३८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी ‘नुमाइश मसनुआत-ए-मुल्की’ हे मुलकी मालाचे प्रदर्शन भरवले आणि सातव्या निजामाने त्याचे उद्घाटन केले. छोट्या कारागिराला ग्राहकासमोर उभे करण्यासाठी राजाश्रय वापरण्याचा हा प्रयत्न आजच्या पोर्टलचा पूर्वजच म्हणावा लागेल. ‘मुलकी’ या शब्दाच्या कक्षेत तेव्हा मराठवाडा होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. पुढच्याच वर्षी जहागिऱ्या रद्द झाल्या. मराठवाड्यातल्या सामान्य रयतेच्या दृष्टीने ही सुटका होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण हिमरूच्या मागावर बसलेल्या माणसाचे गिऱ्हाईक या सुटकेत नाहीसे झाले, हेही खरे. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद ‘परराज्य’ झाले.

त्यानंतर विणकराला तगवले ते वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकाने. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने पैठणला पैठणीचे केंद्र चालवले. शहरात हिमरूची दुकाने पर्यटकांच्या वाटेवर थाटली गेली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही वाटही एका रात्रीत बंद झाली. ऑनलाइन विक्री ही त्याआधी सोय होती. तेव्हापासून गरज झाली.

सरकारने दारे उघडली नाहीत, असे म्हणता येणार नाही. सरकारी खरेदीचे ‘जेम’ पोर्टल ऑगस्ट २०१६ पासून होते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘ओएनडीसी’ हे खुले जाळे उभारणारी संस्था नोंदवली गेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये वस्त्रोद्योग मंत्रालयाने हातमाग-हस्तकलेसाठी स्वतंत्र विक्री-पोर्टल सुरू केले. महाराष्ट्राच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवतकाठी, खण आणि घोंगडी अशी पाच वस्त्रे नावानिशी आली. जून २०२४ मध्ये केंद्राने ‘टीम’ योजना जाहीर केली : तीन वर्षे, २७७.३५ कोटी रुपये, पाच लाख सूक्ष्म-लघु उद्योगांना ओएनडीसीवर आणण्याचे उद्दिष्ट, त्यांतले निम्मे महिलांचे. मालाची सूची तयार करणे, बांधणी, वाहतूक यांसाठी साहाय्य.

मालाची सूची म्हणजे मुख्यतः छायाचित्र, आणि इथे विणकराची खरी अडचण आहे. हातमागाची पैठणी ओळखायची तर काठ-पदर उलटून पाहावा लागतो : दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. पडद्यावर दिसते ती सुलटी बाजू. म्हणजे महिन्यांच्या श्रमाचे वस्त्र आणि त्याची स्वस्त नक्कल शेजारी-शेजारी एकसारखीच दिसतात, भाव मात्र कितीतरी पट वेगळे. २००६ चे ‘हँडलूम मार्क’ आणि पैठणीला मिळालेले भौगोलिक मानांकन हे त्यावरचे उपाय. पण चिठ्ठी वाचण्याइतका वेळ ग्राहकाने द्यायला हवा.

दुसरी अडचण कायद्याची होती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. वस्तूंच्या साध्या विक्रेत्याला महाराष्ट्रात पुढे चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट मिळाली. ई-कॉमर्स मंचावरून वस्तू विकणाऱ्याला मात्र पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. दुकानातल्या शालीला एक न्याय, पडद्यावरच्या शालीला दुसरा. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही सक्ती उठली, आणि हा बदल कोणत्याही पोर्टलपेक्षा मोलाचा आहे. परंतु अट राहिली : विक्री राज्याच्या हद्दीतच. हिमरूसारख्या वस्तूला, जिची जाण असलेला ग्राहक इतिहासाने सीमेपलीकडे ठेवला आहे, ही अट इतरांपेक्षा अधिक बोचते.

सीमा ओलांडायची तर नोंदणी घ्यावी, मार्ग खुलाच आहे. मग हैदराबादला पार्सल जाते. त्यासोबत विवरणपत्रेही येतात, आणि एकही शाल न विकलेल्या तिमाहीचे विवरणपत्रसुद्धा वेळेत भरावे लागते.