सावली म्हणजे अंधार नव्हे

पाऊस ओसरला की सह्याद्रीचे फोटो मोबाईलवर येऊ लागतात. त्यातले बरेचसे एकाच कारणाने फसलेले असतात. आभाळ पांढरेफटक पडते किंवा दरी काळीकुट्ट होते. डोळ्यांना तर दोन्ही नीट दिसत होते, मग कॅमेऱ्याला का दिसले नाही? हा प्रश्न छायाचित्रणाइतकाच जुना आहे. त्याच्या उत्तराची सुरुवात मात्र कॅमेऱ्याच्या सुमारे आठशे वर्षे आधी झाली होती.

बसऱ्यात 965च्या सुमारास जन्मलेला इब्न अल-हैसम हा विद्वान पुढे कैरोत स्थायिक झाला. प्रकाशावरचा त्याचा ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर त्याने अनेक दिवे मांडले. आत प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा व्हायचा. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि दोन दिव्यांचे किरण एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्याने प्रयोगाने दाखवले. आपल्याकडे त्याचे नाव निघते ते या प्रयोगापुरतेच.

त्याने सावल्यांवरही एक स्वतंत्र प्रबंध लिहिला होता, याची आठवण फार कमी जणांना आहे. त्यात त्याने ‘झुल्मत’ आणि ‘झिल’ यांच्यात फरक केला. झुल्मत म्हणजे प्रकाशाचा पूर्ण अभाव. झिल, म्हणजे सावली, जिथे काही प्रकाश अडला आहे, पण काही पोहोचतो आहे. थोडक्यात, सावलीतही उजेड असतो. डोंगराचा फोटो काढणाऱ्याने सर्वांत आधी शिकायचा धडा हाच.

बोर्नचा हिमालय

1863 मध्ये सॅम्युएल बोर्न हा इंग्रज बँकेतली कारकुनी सोडून हिंदुस्थानात आला. 1863 ते 1866 या काळात त्याने हिमालयाच्या तीन मोठ्या मोहिमा केल्या. तेव्हा काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून लगेच तंबूतल्या अंधारात धुवायची, अशी रीत होती. या काचेला मुख्यतः निळा रंग दिसे. हिरवा आणि लाल तिच्या लेखी जवळजवळ काळेच. त्यामुळे बर्फ आणि निळे आभाळ दोन्ही पांढरे व्हायचे, शिखराची कड आभाळात विरून जायची आणि खालचे देवदाराचे रान काळे पडायचे.

यावर एक तोड फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रेने 1850च्या दशकात काढली होती. समुद्राच्या चित्रांसाठी तो आभाळाची एक आणि पाण्याची एक अशा दोन काचा वापरून एकच प्रिंट बनवी. आज मोबाईलमधले ‘एचडीआर’ हेच काम करते. कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेऊन ते एकत्र जोडते. दुसरा उपाय म्हणजे योग्य वेळेची वाट पाहणे. भर दुपारच्या उन्हात डोंगर सपाट दिसतो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्याच्या घड्या उलगडून दाखवते.

बोर्नने हा समतोल साधला. 1866 मध्ये अठरा हजार फुटांहून उंच मणिरंग खिंडीत जाऊनही त्याने फोटो काढले. पण काचा, रसायने, तंबू आणि भलामोठा कॅमेरा वर नेला कोणी? पहिल्याच मोहिमेत त्याच्याबरोबर सुमारे तीस हमाल होते, पुढे ही संख्या वाढली. ओझे टाकून पळालेल्या हमालांना आपण काठीच्या धाकाने कसे परत आणले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. साहेबाच्या दौऱ्याला गावाने माणसे पुरवायची, ही बेगारीची पद्धत पहाडात रुजलेली होती. कुमाऊंमध्ये तिचा शेवट जवळ आला तो 1921च्या जानेवारीत. बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात लोकांनी कुलींच्या नोंदवह्या शरयू नदीत फेकून दिल्या. बोर्नच्या चित्रांत बर्फाचे तपशील आहेत, झाडांचे आहेत. हमाल दिसलाच तर बहुधा डोंगर किती मोठा आहे हे कळावे म्हणून.

शिखर आणि छावणी

साठ वर्षांनी, 10 एप्रिल 1927 रोजी, अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमध्ये हाफ डोम या कड्यासमोर उभा होता. पिवळा फिल्टर लावून फोटो काढल्यावर त्याच्या लक्षात आले की कड्याचा धाक त्यात उतरणार नाही. उरलेल्या शेवटच्या काचेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. निळे आभाळ जवळजवळ काळे झाले आणि कडा त्यातून पुढे आला.

1940च्या आसपास त्याने फ्रेड आर्चरच्या साथीने ‘झोन सिस्टिम’ बसवली. गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या. नियम असा, की एक्स्पोजर सावलीकडे पाहून ठरवायचे. ज्या सावलीतला तपशील दिसायला हवा, ती तिसऱ्या पायरीवर ठेवायची. मग प्रखर भाग किती उजळू द्यायचा, हे निगेटिव्ह धुण्याच्या वेळेने आवरायचे. फिल्मवर न उमटलेली सावली नंतर कितीही खटपट केली तरी परत येत नाही. म्हणून आधी काळजी तिची घ्यायची.

याच अ‍ॅडम्सची खरी परीक्षा दुसऱ्याच डोंगराखाली झाली. 1942 मध्ये अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबले. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. गुन्हा काय, तर वंश. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी मॅन्झनार ही अशीच एक छावणी. अ‍ॅडम्स 1943 मध्ये तिथे गेला, कैदेतल्या माणसांचे हसरे, स्वाभिमानी चेहरे टिपले आणि 1944 मध्ये त्यांचे पुस्तक काढले. युद्ध सुरू असताना हे धाडसच होते. पण तिथेच काढलेले त्याचे सर्वांत गाजलेले चित्र आहे माउंट विल्यमसनचे. पुढे दगडांचे मैदान, मागे ढगांतून उतरणारे ऊन. छावणी त्यात कुठेच नाही.

तोयो मियाताके हा छायाचित्रकार त्याच छावणीत कैदी होता. कैद्यांना कॅमेऱ्याची बंदी होती. त्याने एक लेन्स लपवून आत आणली आणि लाकडी खोक्याचा कॅमेरा बनवला. काटेरी तारा आणि पहाऱ्याचे मनोरे आज आपल्याला दिसतात ते त्याच्यासारख्यांच्या फोटोंत. सरकारने माफी मागितली ती 1988 मध्ये.

अ‍ॅडम्सला खोटा ठरवण्याचा माझा हेतू नाही. डोंगर सुंदर होता, हे खरेच. पण तंत्रात सावलीला पहिला मान देणाऱ्या माणसाचेही सर्वांत प्रसिद्ध चित्र सावलीतल्या माणसांशिवाय जगभर फिरले. इतिहास लिहिणाऱ्यांचेही असेच होते. शिखरे नीट दिसतात, ओझे वाहणारे काळ्या भागात जातात. मग पुढची पिढी म्हणते, तिथे कोणी नव्हतेच. आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही. आणि आपणही आपल्या सोनेरी काळाच्या कथा सांगताना आपल्याच कष्टकऱ्यांना असेच वगळत आलो आहोत.

अरबीत झुल्मत आणि जुल्म हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. सावलीत उजेड असतो, हे इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले. तो टिपायचा की तिथे अंधारच होता असे म्हणायचे, हे मात्र पाहणाऱ्याच्या हाती आहे.