रंध्यावरील नाममुद्रा व कालनिर्णय

लांकडी रंध्याचा काल ठरवितांना नुसता जुनाटपणा पाहून भागत नाहीं. जुन्या पत्राप्रमाणें त्याचीही मुद्रा आधीं वाचावी लागते. इंग्रजी व अमेरिकन रंध्यांच्या पुढील टोंकावर बहुधा कर्त्याची नाममुद्रा असते. तेथेंच नंतरच्या मालकांचेही ठसे आढळतात. ते कर्त्याचे समजल्यास काल चुकतो. एकच ठसा निरनिराळ्या ठिकाणच्या अनेक रंध्यांवर आढळल्यास तो कर्त्याचा मानण्यास आधार मिळतो. त्यास आकाराची साक्ष जोडावी : अठराव्या शतकांतील गलत्याचे रंधे पुष्कळदां १० इंचांच्या आसपास भरतात, पुढें ९॥ इंच लांबी रूढ झाली.

मॅसेच्युसेट्समधील रेंथम येथील रंधे करणारा फ्रॅन्सिस निकल्सन सन १७५३ मध्यें वारला. त्याच्या मृत्युपत्रानें त्याचा गुलाम सीझर चेलर यास स्वातंत्र्य व हत्यारें मिळालीं. चेलर १७८४ मध्यें वारला. यावरून चेलरच्या नांवाचे रंधे आम्ही सामान्यतः या ३१ वर्षांतील मानतों. परंतु तत्पूर्वीं धन्याच्या मुद्रेच्या रंध्यांवरही चेलरचे हात फिरले असणें संभवनीय आहे. मुद्रेवरून काल व दुकान कळतें. तेथें कोण राबलें, हें कळण्यास मृत्युपत्रासारखे कागदच शोधावे लागतात.